सांतो दोमिंगो दे सिलोस

सांतो दोमिंगो दे सिलोस : उत्तर स्पेनमधील बुर्गोस प्रांतातील एक लहान गाव. बुर्गोस शहराच्या आग्नेयेस सुमारे ६० किमी.वर, चुनखडीच्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात ते वसले आहे. लोकवस्ती जेमतेम तीनशेच्या घरात. पण येथील बेनेडिक्टाइन मठामुळे युरोपीय मध्ययुगीन कलेच्या इतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे.

हा मठ आधी संत सेबॅस्टियनच्या नावाचा होता. नव्हाराच्या राजाने मागितलेले मठाचे धन देण्यास नकार दिल्यामुळे दोमिंगो या संन्याशाला सान मिल्यानचा मठ सोडावा लागला. १०४१ मध्ये कॅस्टीलचा राजा पहिला फेर्नांदो याने मोडकळीस आलेला सिलोसचा मठ त्याच्या हाती सोपवला. १०७३ मध्ये दोमिंगो वारला आणि पुढे मठाला व गावाला त्याचेच नाव पडले. मुस्लिम राज्यांतील ख्रिस्ती कैद्यांचा तारणहार अशी त्याची ख्याती होती. सुटून आलेले लोक आपल्या बेड्या त्याच्या समाधीला वाहत.

मठाच्या चौकाभोवतीच्या दुमजली ओवऱ्या हे येथील खरे वैभव. खालच्या मजल्यावरील स्तंभशीर्षांवर पक्षी, सिंह, काल्पनिक प्राणी आणि वेलबुट्टी इतक्या नाजूकपणे कोरली आहे की हस्तिदंतावरील कामाची आठवण व्हावी. कोपऱ्यांतील खांबांवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंग आहेत. एम्माउस गावाच्या वाटेवरील ख्रिस्ताच्या झोळीवर सांतियागो या स्पेनमधील तीर्थस्थानाच्या यात्रेकरूंचे चिन्ह असलेला शिंपला दिसतो. शिल्पकाराने देवाला आपल्या काळातला वाटसरू केले, ही कल्पना विलक्षण हृद्य आहे.

मठाचा ग्रंथसंग्रह मात्र विखुरला. येथे १०९१ मध्ये लिहून झालेली व ११०९ मध्ये चित्रांसह पूर्ण झालेली ‘बेआतुस’ची (बायबलमधील ‘प्रकटीकरण’ ग्रंथावरील भाष्याची) पोथी नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट याच्या हाती गेली आणि १८४० मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. लॅटिन मजकुराच्या समासात बोलीभाषेतील अर्थ नोंदवलेली सिलोसची टिपणेही लंडनमध्येच आहेत. अकराव्या शतकातील, अंशतः कागदावर लिहिलेली एक प्रार्थनापोथी अजूनही मठात आहे. युरोपातील कागदी हस्तलिखितांत ती अत्यंत जुनी मानली जाते.

१८३५ मध्ये सरकारने मठ बंद करून त्याची मालमत्ता ताब्यात घेतली. १८८० मध्ये फ्रान्समधून आलेल्या बेनेडिक्टाइन संन्याशांनी तो पुन्हा सुरू केला. त्यांच्या परंपरेतील ग्रेगोरियन गायनाची ध्वनिमुद्रिका १९९४ मध्ये जगभर लाखोंनी खपली. मठाच्या चर्चमध्ये हे गायन आजही रोजच्या प्रार्थनांच्या वेळी होते आणि ते कोणालाही ऐकता येते.