करार की बेडी?

मॉरिशस बेटातील गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली. पण गुलामाची जागा घेणारे ३६ मजूर २ नोव्हेंबर १८३४ रोजीच कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजाने पोर्ट लुईला उतरले होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. पुढे मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसेही गेली. एक दिवस खाडा झाला, की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपलेल्या मजुराजवळ पास नसला, तर १८६७ च्या कायद्याने त्याला भटक्या ठरवून पकडीत. १८७१ साली अशा नऊ हजारांवर मजुरांनी एकत्र अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशी आयोग नेमला गेला. समुद्र ओलांडणारा मजूर मोकळा नव्हे; ज्याला काम सोडता येते, तोच मोकळा.