ओक्स पार्कातील इंजिन

सदर्न पॅसिफिक कंपनीसाठी १९४१ साली लिमा कारखान्यात घडविलेले ४४४९ क्रमांकाचे बाष्पइंजिन १९५८ मध्ये ओरेगॉनातील पोर्टलंड शहराच्या हवाली झाले. परंतु ओक्स पार्कात उघड्यावर, पुरेशा बंदोबस्ताविना उभे असता उपद्रवी हातांनी त्याची नासधूस केली आणि शिटी व निर्मात्याच्या पाट्याही चोरीस गेल्या. अशा उपेक्षेच्या काळातही जॅक होल्स्ट नामक रेल्वे कर्मचारी, हे यंत्र कधीकाळी पुन्हा धावेल या श्रद्धेने, त्याच्या बेअरिंगांना नियमित तेल घालीत राहिला, आणि त्या श्रद्धेपुढे माझे मस्तक नम्र होते. होल्स्ट १९७२ साली निवर्तला. १९७४ च्या अखेरीस उद्यानातून हलविलेले हे इंजिन, डॉयल मॅककॉर्मॅक यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन, पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त निघालेली फ्रीडम ट्रेन ओढू लागले. २०१२ पासून ते पोर्टलंडच्याच रेल्वे वारसा केंद्रात छपराखाली आहे.