टाकी उपसायची कोणी?

ठाण्याजवळच्या दिव्यात आज जिथे आमची सोसायटी उभी आहे, तिथे माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी भात पिकायचा. वस्ती आगऱ्यांची. शेताला लागून बांध, बांधापलीकडे खाजण आणि खाडी. लोक बांधाकडे जायचे, पाणी विहिरीचं प्यायचे. घरात संडास आला तो सेप्टिक टँक घेऊनच, कारण गटाराची लाईन नव्हती.

इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन या इंजिनिअरने 1895 च्या सुमारास अशी टाकी बांधली आणि तिला हे नाव मिळालं. नंतर दोनच वर्षांत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस दिवे लावायला वापरात आला. पुढे त्यावर इंजिनही चाललं. तिथे टाकी बांधून कोणी विसरून गेलं नव्हतं. दिव्यात नेमका तोच विसर पडला.

1982 मध्ये ठाणे महापालिका झाली, आसपासची गावं तिच्यात आली आणि दिवाही शहरात गेला. महाराष्ट्राने 1969 मध्येच जलप्रदूषणाचा कायदा केला होता, 1974 मध्ये केंद्राचा आला. पण त्यांचा रोख राहिला कारखान्यांच्या सांडपाण्यावर. घरच्या टाकीसाठी भारतीय मानक आहे, आय.एस. 2470. टाकीचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर लांब हवा, आणि जमिनीतलं पाणी वर असेल तिथे तो करूच नये, असं ते सांगतं. आमच्याकडे शेतं भरून भराभर चाळी आणि इमारती उठल्या, त्यातल्या कितीतरी परवानगीशिवाय. आमच्या आवारात टाकीपासून बोअरिंग मोजून बारा पावलांवर आहे. त्यात ही जमीन खारीची. पावसाळ्यात खाडीला मोठी भरती आली की खड्डा पाणी शोषतच नाही, झाकणाच्या फटीतून काळं पाणी वर येतं.

सोसायटीची सेक्रेटरी झाल्यावर मी पहिल्यांदा झाकण उघडायला लावलं. वर घट्ट थर, खाली गाळ दोन तृतीयांशाच्या वर, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा टी-पाईप तुटलेला. म्हणजे पाणी न निवळता सरळ जमिनीत जात होतं. ही टाकी किती वर्षांत उपसली नाही, ते कोणालाच आठवेना. गाळ उपसायला आलेल्या गाडीवाल्याला विचारलं, हे नेऊन ओतता कुठे? त्याने हाताने नुसतं खाडीकडे दाखवलं.

गाडीवाल्यासोबतचा मुलगा बादली घेऊन आत उतरायला निघाला होता. मी त्याला उतरू दिलं नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाखांची भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. तरी माणसं मरतात. टाकी वेळेवर उपसली तर गाळ पातळ असतो, मशीन तो ओढून घेतं. दगडासारखा झाल्यावर कुदळ लागते आणि कुदळ चालवायला माणूस.

म्हणून मला वाईचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. कृष्णाकाठची ती छोटी नगरपरिषद. तिने 2018 च्या सुमारास टाक्या पाळीपाळीने, साधारण तीन वर्षांतून एकदा उपसायची व्यवस्था लावली. कोणी तक्रार करायची वाट पाहायची नाही. ठेकेदाराची गाडी ठरलेल्या वेळी दारात येते, खर्च स्वच्छता करातून निघतो आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. सिन्नरनेही हेच केलं. वाईला जमतं ते ठाण्या-कल्याणच्या महापालिकांना जमणार नाही, हे मला पटत नाही. सगळीकडे मलनिःसारणाच्या लाईनी पडेपर्यंत इमारतवार टाक्यांची यादी करा, पाळी लावा, गाडी कुठे रिकामी झाली त्याची पावती द्या.

आणि दिवेकरांनो, तोवर एवढं करा. येत्या सर्वसाधारण सभेत टाकीचा विषय घ्या, ती शेवटची कधी उपसली ती तारीख सूचनाफलकावर लिहा, आणि बोअरिंगचं पाणी तपासून घ्या.