सुई, चेतातंतू आणि वेदनाशमन : प्राण्यांवरील प्रयोगांचा इतिहास

सुई टोचून वेदना शमवण्याची चिनी पद्धत, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, कित्येक शतके जुनी असली, तरी तिचा परिणाम शरीरक्रियेतून घडतो की रुग्णाच्या विश्वासातून, या प्रश्नाचा प्रयोगशाळेतील शोध 1960 नंतरच्या दोन दशकांत वेगाने पुढे गेला आणि त्यात ससे, उंदीर यांसारख्या प्राण्यांना मोठे स्थान मिळाले.

1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला. स्पर्शाची संवेदना वाहणारे जाड चेतातंतू उद्दीपित झाले, तर बारीक तंतूंमार्फत येणाऱ्या वेदनेच्या संदेशाला मेरुरज्जूतच अटकाव होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी बीजिंगमध्ये हान जिशेंग यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या वेदनाशमनावर संशोधन सुरू केले. सुई टोचल्यावर माणसांची वेदना सहन करण्याची मर्यादा हळूहळू वाढते आणि सुई काढल्यावरही ती लगेच उतरत नाही, असे आढळल्याने केवळ द्वार मिटण्याची कल्पना अपुरी ठरली व एखादे रसायन स्रवत असावे, अशी शंका बळावली. तिची पडताळणी करण्यासाठी सुई टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचा द्रव दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडण्यात आला, तेव्हा सुईचा स्पर्शही न झालेल्या त्या सशाची सहनशक्ती वाढली.

1975 मध्ये अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन, म्हणजे शरीरातच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये, वेगळी केली. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या ब्रूस पोमेरँझ आणि चिऊ यांनी जाग्या उंदरांच्या नाकाला उष्णता देऊन ते किती वेळाने चिरकतात हे मोजले. सुयांतून वीजप्रवाह सोडल्यास हा अवधी लांबत असे. मात्र अफूचा प्रभाव रोखणारे नॅलोक्सोन टोचले की तो लाभ नाहीसा होई. त्यानंतर हान यांच्या गटाला उंदरांच्या मेरुरज्जूत 2 हर्ट्झच्या प्रवाहाने एन्केफॅलिन, तर 100 हर्ट्झच्या प्रवाहाने डायनॉर्फिन हे तशाच प्रकारचे दुसरे द्रव्य स्रवत असल्याचे आढळले.

या प्रयोगांमुळे सुई कोणत्या बिंदूवर टोचावी याइतकाच कोणते तंतू, किती वारंवारतेने उद्दीपित करावेत हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. तथापि जखडून ठेवलेल्या प्राण्याच्या शरीरात निव्वळ ताणामुळेही वेदनाशामक द्रव्ये स्रवू शकत असल्याने, तितकेच जखडलेले पण प्रवाह न दिलेले प्राणी तुलनेला घेतल्याशिवाय अशा निष्कर्षांना वजन येत नाही.