अकर्तृक क्रियापदे (लॅटिन)

अकर्तृक क्रियापदे (लॅटिन) : व्यक्तिवाचक कर्ता न घेता तृतीयपुरुषी एकवचनातच चालणारी लॅटिन क्रियापदे. मराठी व्याकरणातील ‘उजाडले’, ‘गडगडते’, ‘मला मळमळते’ ही भावकर्तृक क्रियापदे याच जातीची. कर्ता नाही म्हणजे वाक्यात माणूस नाही, असे मात्र नव्हे. तो बहुधा असतो, पण प्रथमा सोडून अन्य विभक्तीत. ती विभक्ती कोणती, यावरून या क्रियापदांचे गट पडतात.

निसर्गवाचक : प्लुइत् (पाऊस पडतो), निन्गित् (बर्फ पडते), तोनात् (गडगडते), वेस्पेरास्कित् (सांजावते). यांना कुठल्याही नामाची गरज नसते. कवी आणि धार्मिक परंपरा मात्र गडगडाटाचे कर्तेपण ज्युपिटरला देतात. ऑगस्टसने इ. स. पू. 22 मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर अर्पण केलेले मंदिर ‘ज्युपिटर तोनान्स’चे, म्हणजे गडगडणाऱ्या ज्युपिटरचे होते.

भावनावाचक : मिसेरेत् (कीव येते), पाएनितेत् (पश्चात्ताप होतो), पिगेत् (नकोसे वाटते), पुदेत् (लाज वाटते), ताएदेत् (वीट येतो). भावना ज्याला होते तो द्वितीयेत आणि तिचे कारण षष्ठीत येते. ‘मे पाएनितेत् एर्रोरिस्’ म्हणजे ‘मला चुकीचा पश्चात्ताप होतो’. मराठी वाक्यातही ‘चुकीचा’ हे षष्ठीतच आहे. पण मराठीत ‘पश्चात्ताप’ हा कर्ता होऊन क्रियापद त्याच्यामागे चालते, तर लॅटिनमध्ये भावना क्रियापदातच सामावलेली असते. कारण नामाऐवजी क्रियेने सांगायचे असल्यास तुमन्त रूप किंवा गौणवाक्य येते. या क्रियापदांना आज्ञार्थ नाही. ‘लाज वाटू दे’ यासाठी संभावनार्थी ‘पुदेआत् ते’ वापरतात. प्लॉटसच्या जुन्या नाटकांत ‘मी लाजतो’ अशा अर्थाचे सकर्तृक ‘पुदेओ’ही आढळते.

मुभा व कर्तव्य : लिकेत् (मुभा असते) आणि लिबेत् (मनाला येते) यांच्यासोबत व्यक्ती चतुर्थीत, तर ओपोर्तेत् (केले पाहिजे) आणि देकेत् (शोभते) यांच्यासोबत ती द्वितीयेत असते. ‘तिबि ईरे लिकेत्’ म्हणजे तुला जायची मुभा आहे; ‘ते ईरे ओपोर्तेत्’ म्हणजे तू गेले पाहिजेस. येथे ‘ईरे’ (जाणे) हे तुमन्त रूपच कर्त्याची जागा भरते, म्हणून काही व्याकरणकार या गटाला काटेकोर अर्थाने अकर्तृक मानत नाहीत.

हितसंबंधवाचक : इन्तेरेस्त् आणि रेफेर्त्, दोन्हींचा अर्थ ‘महत्त्वाचे असते’. इन्तेरेस्त् सोबत व्यक्तिवाचक नाम षष्ठीत येते : ‘पात्रिस् इन्तेरेस्त्’, वडिलांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘माझ्या दृष्टीने’ म्हणताना मात्र सर्वनामाची षष्ठी चालत नाही. स्वामित्वदर्शक विशेषणाचे स्त्रीलिंगी पंचमी एकवचन लागते : ‘मेआ इन्तेरेस्त्’.

अकर्तृक कर्मणी : अकर्मक क्रियापदाचे कर्मणी रूपही असे वापरता येते : इतुर् (जाणे होते), पुग्नातुर् (लढाई चालते). संयुक्त काळांत धातुसाधित नपुंसकलिंगी एकवचनी असते : पुग्नातुम् एस्त् (लढाई झाली). कोण लढले यापेक्षा लढाई झाली हे महत्त्वाचे असते, म्हणून सीझरच्या गॅलिक युद्धाच्या वृत्तांतात हे रूप वारंवार भेटते. संस्कृतमधील भावे प्रयोगातले ‘गम्यते’ याच धाटणीचे आहे. चतुर्थी घेणाऱ्या क्रियापदांनाही कर्मणीत हीच वाट धरावी लागते : ‘मिहि पेर्सुआदेतुर्’, माझे मन वळवले जाते. आवश्यकतादर्शक ‘मिहि एउन्दुम् एस्त्’ (मला जायला हवे) हीदेखील अकर्तृक रचनाच.

उत्तरकाल : लॅटिनपासून निघालेल्या भाषांत निसर्गवाचक गट टिकून आहे. पावसासाठी इटालियनमध्ये ‘प्योवे’ आणि स्पॅनिशमध्ये ‘युएवे’ ही क्रियापदे आजही एकटीच येतात. फ्रेंचमध्ये मात्र त्यांच्याआधी ‘इल’ हे नाममात्र सर्वनाम लावणे सक्तीचे झाले आहे.