ग्रंथविक्री, ब्रिटनमधील

ग्रंथविक्री, ब्रिटनमधील : ग्रंथाची किरकोळ किंमत प्रकाशकाने ठरवावी की विक्रेत्याने, या प्रश्नाभोवती ब्रिटनमधील ग्रंथविक्रीचा आधुनिक इतिहास फिरत राहिला आहे. स्वतंत्र लहान दुकाने, साखळी दुकाने व पुढे संगणकीय जाळ्यावरून विक्री करणाऱ्या संस्था यांच्यातील स्पर्धेचे स्वरूप त्याच्या उत्तरानुसार बदलत गेले.

डब्ल्यू. एच. स्मिथ या पेढीने १८४८ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकावर आपले पहिले रेल्वे-पुस्तकदुकान उघडले. साखळी दुकानांची ही सुरुवात होय. छापील किंमतीवर सूट देण्याची चढाओढ एकोणिसाव्या शतकात इतकी वाढली, की अनेक दुकानदारांना केवळ ग्रंथविक्रीवर निर्वाह करणे अशक्य झाले. यावर उपाय म्हणून प्रकाशक फ्रेडरिक मॅकमिलन यांनी अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांचा प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स (१८९०) हा ग्रंथ सूट न देण्याच्या अटीवर विक्रीस काढला. त्याच धर्तीवर १ जानेवारी १९०० पासून ‘नेट बुक करार’ अंमलात आला. कमी किंमतीस विकणाऱ्या दुकानदारास पुरवठा बंद करण्याची त्यात तरतूद होती. १९६२ मध्ये न्यायालयाने हा करार लोकहिताचा ठरविला. तो रद्द झाल्यास चांगला साठा ठेवणारी दुकाने व प्रसिद्ध होणारे ग्रंथ दोन्ही घटतील, असे त्यामागील कारण होते.

टिम वॉटरस्टोन यांनी १९८२ मध्ये स्थापिलेल्या साखळी दुकानांनी विपुल साठा व जाणकार विक्रेते यांच्या बळावर जम बसविला. सप्टेंबर १९९५ मध्ये मोठे प्रकाशक बाहेर पडल्याने करार कोसळला व १९९७ मध्ये न्यायालयाने तो लोकहितविरोधी ठरविला. त्यानंतर खपाऊ पुस्तके महाबाजारांत अल्प किंमतीस मिळू लागली. १९९८ मध्ये ॲमेझॉनने ब्रिटनमध्ये विक्री सुरू केली. दुकानाचे भाडे नसल्याने तिला मोठी सूट देणे परवडे. विक्रेत्यांच्या संघटनेची सभासद असलेली स्वतंत्र दुकाने १९९५ मधील १,८९४ वरून २०१६ मध्ये ८६७ वर आली. मोठ्या साखळ्याही यातून सुटल्या नाहीत. ‘बॉर्डर्स’ची ब्रिटनमधील दुकाने २००९ मध्ये बंद पडली.

२०११ मध्ये वॉटरस्टोन्सची सूत्रे जेम्स डाँट या स्वतंत्र दुकानदाराकडे आली. दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेणे त्यांनी थांबविले व ग्रंथनिवडीचा अधिकार प्रत्येक शाखेस दिला. अशा रीतीने साखळी दुकाने लहान दुकानांची पद्धती स्वीकारून तगली. स्वतंत्र दुकानांची संख्याही २०२२ मध्ये १,०७२ झाली. याउलट, डब्ल्यू. एच. स्मिथने स्थानके व विमानतळांवरील विक्री स्वतःकडे ठेवून बाजारपेठांतील दुकाने २०२५ मध्ये विकली.

फ्रान्सने मात्र १९८१ च्या कायद्याने सूट ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. ब्रिटनमध्ये वाचकास पुस्तक स्वस्त मिळाले. परंतु अनेक गावांतील ते चाळून पाहण्याची जागा नाहीशी झाली.