ज्यांचं कार्ड छापलंच गेलं नाही

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. त्यावर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं चित्र होतं. टॉप्स कंपनीने १९५२ साली च्युइंगमच्या पाकिटात घालून असे तुकडे काही सेंटांना विकले होते. त्याच मालिकेचा पडून राहिलेला साठा १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी बोटीत भरून अटलांटिक महासागरात बुडवला. गोदामात जागा हवी होती, इतकंच कारण.

या कार्डांची सुरुवात तंबाखूपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालत. त्यावर खेळाडूंची चित्रं छापली की गिऱ्हाईक पुन्हा तोच ब्रँड मागतं, हे कंपन्यांनी ओळखलं. पुढे तंबाखूची जागा मिठाई आणि च्युइंगमने घेतली आणि गिऱ्हाईक झाली ती मुलं. एकाच खेळाडूची दोन कार्डं आली की एक देऊन दुसरं घ्यायचं, हा अदलाबदलीचा व्यवहार गल्लीगल्लीत चाले. नको असलेलं कार्ड सायकलच्या चाकाला चिमट्याने लावायचं, म्हणजे फटफट आवाज येई. मुलं मोठी झाली की उरलेली कार्डं कचऱ्यात जात.

या कचऱ्याला इतिहासाचा दर्जा मिळवून दिला तो जेफरसन बर्डिक यांनी. ते सिरॅक्यूज शहरात विजेचं साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करत. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. तरी त्यांनी पोस्टकार्डं, जाहिराती, तंबाखूची चित्रं असे ३ लाखांहून अधिक कागद जमवले. त्यात ३० हजारांवर बेसबॉल कार्डं होती. १९३९ मध्ये त्यांनी या सगळ्याची सूची छापली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना त्यांनी ‘टी’ हे अक्षर दिलं. होनस वॅगनर यांचं दुर्मीळ कार्ड ज्या मालिकेत आहे, ती आजही बर्डिक यांनी दिलेल्या ‘टी २०६’ या क्रमांकानेच ओळखली जाते.

हा संग्रह त्यांनी विकला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला तो दान केला आणि दुखऱ्या हातांनी तिथे बसून वर्षानुवर्षं एकेक कार्ड वहीत चिकटवलं. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं. दोन महिन्यांनी ते वारले.

पण बर्डिक यांच्यासारखा माणूसही जे छापलं गेलं तेच जपू शकत होता. जॉश गिब्सन हे त्या काळातले जबरदस्त फलंदाज होते, पण ते कृष्णवर्णीय होते. गोऱ्यांच्या मोठ्या लीगचे दरवाजे त्यांना बंद होते. ते खेळत असताना अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या कंपनीने त्यांचं कार्ड काढलं नाही. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानात उतरले आणि वर्णभेदाची भिंत फुटली. त्यानंतर काही वर्षांतच रॉबिन्सन यांची कार्डं पोरांच्या खिशात होती. गिब्सन यांची आकडेवारी मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदीत यायला मात्र २०२४ साल उजाडलं. ती आली तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत त्यांचं नाव सगळ्यांच्या वर गेलं.

ही नोंद शक्य झाली, कारण संशोधकांनी कृष्णवर्णीयांच्या जुन्या वर्तमानपत्रांतून सामन्यांचे धावफलक शोधून काढले. बाजाराने ज्यांना मोजलं नाही, त्यांचा हिशेब त्यांच्याच समाजाच्या छापील कागदांत शिल्लक होता. आपल्याकडे आजोबांच्या ट्रंकेतले उर्दू अंक, मुशायऱ्यांची पत्रकं, निकाहाचे रुक्के किलोच्या भावाने रद्दीत जातात. पुढच्या वेळी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्या गठ्ठ्याची दोरी एकदा सोडून पाहावी.